बोटांची लिपी आणि डोळ्यांचा मोह

लुई ब्रेल याचे नाव आज शाळकरी मुलांसही ठाऊक असते. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यात खेळता खेळता आरी डोळ्यात गेली, काही काळाने दोन्ही डोळे गेले, आणि पंधराव्या वर्षी त्याने सहा टिंबांची लिपी शोधून अंधांस वाचनाचे दालन खुले करून दिले, एवढी त्याची कथा क्रमिक पुस्तकांतून आलेली असते. कथा खोटी नाही. परंतु तिच्यात एक मोठी फट राहून गेली आहे. लिपी सिद्ध झाली १८२४ मध्ये. फ्रान्सात तिचा अधिकृत स्वीकार झाला १८५४ मध्ये, म्हणजे शोधक मरून दोन वर्षे लोटल्यावर. इंग्लंडात तिचा पक्ष उचलून धरला जाण्यास १८७० साल उजाडावे लागले. आणि अमेरिकेत तिच्यासंबंधीचे भांडण १९३२ पर्यंत पुरतेपणी मिटले नाही. इतकी सोपी, इतकी स्वस्त, आणि ज्यांच्यासाठी केली त्यांनी हातोहात उचललेली ही युक्ती शंभर वर्षे उंबरठ्याबाहेर का ताटकळत राहिली?

आमच्या मते याचे मुख्य उत्तर एका वाक्यात देता येते. ती लिपी डोळसांच्या डोळ्यांस आवडली नाही. पुस्तक वाचणार बोटे, पण पुस्तकाचे रूप ठरविणार डोळे; आणि पैसा, छापखाना व शाळेच्या किल्ल्या या साऱ्या डोळ्यांच्या स्वाधीन. हे जुने प्रकरण आज मुद्दाम उघडण्याचे कारण असे की, संगणकाच्या पडद्यावर जी संकेतस्थळे उभारली जातात त्यांच्या रचनेविषयी जवळजवळ हाच वाद गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे. एक पक्ष म्हणतो, रचनाकाराच्या कल्पनेस मोकळे रान द्या, नाही तर सगळी स्थळे सरकारी कचेरीतल्या फलकांसारखी दिसू लागतील. दुसरा म्हणतो, आधी प्रत्येकास वाचता येऊ द्या, शोभेचे मागाहून पाहू. दोन्ही पक्ष बोलतात ते अशा थाटात, की जणू सौंदर्य आणि सुगमता ही एकाच तागडीची दोन पारडी असून एक वर गेले की दुसरे खाली आलेच पाहिजे. अंधलिपीचा इतिहास बारकाईने पाहिला असता ही तागडीच खोटी असावी असा संशय येऊ लागतो.

या इतिहासाचा आरंभ मोठ्या उदार मनाच्या एका गृहस्थापासून होतो. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत अंधांच्या धर्मशाळेतील काही माणसांस विदूषकांचे पोशाख चढवून, नाकावर पुठ्ठ्याचे भलेथोरले चष्मे ठेवून, बेसूर वाद्ये वाजविण्यास बसविले होते, आणि जमलेले लोक पोट धरधरून हसत होते. हा प्रकार व्हालांतँ आउई या भाषापंडिताने पाहिला आणि त्याच्या मनास तो लागून राहिला. पुढे फ्रांस्वा लेस्युअर नावाचा भीक मागणारा एक अंध तरुण त्यास भेटला. त्याला त्याने शिकविण्यास घेतले आणि १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये अंधांची शाळा उभी केली. छापील कागदाच्या मागील बाजूस उमटलेला एका अक्षराचा उठाव लेस्युअरने बोटाने ओळखला आणि त्यावरून आउईस उठावाच्या अक्षरांची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. ओला जाड कागद मोठ्या खिळ्यांवर दाबून अक्षरे फुगवावयाची, आणि असे दोन कागद पाठीस पाठ लावून चिकटवावयाचे, अशी ती रीत होती. १७८६ मध्ये या रीतीने छापलेले पहिले पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी आउईच्या विद्यार्थ्यांनी व्हर्साय येथे खुद्द राजासमोर वाचून दाखविले.

ते पुस्तक दिसण्यास अत्यंत देखणे होते. अक्षरे वळणदार, भरदार, नेहमीच्या रोमन लिपीचीच. दरबारातील स्त्रीपुरुषांस ती ओळखता येत होती. अंध मुलगा जे बोटाने वाचतो तेच आपण डोळ्याने वाचतो आहोत हे पाहून त्यांची अंतःकरणे द्रवत होती, आणि द्रवलेल्या अंतःकरणातून देणग्या येत होत्या. आउईच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. अंधाने समाजापासून वेगळे पडू नये, त्याचे आणि आपले पुस्तक एकच असावे, ही त्याची इच्छा थोर होती. पण ज्या बोटाने ते पुस्तक वाचावयाचे त्या बोटाचा धर्म काय आहे, हे विचारण्याचे राहून गेले. डोळा संपूर्ण शब्द एका दृष्टिक्षेपात पकडतो. बोटाला तसे करता येत नाही. त्याच्या टोकाखाली जेवढे मावेल तेवढेच त्याचे जग. वळणदार रेघेचा मागोवा घेत, ती कोठे वळली, कोठे थांबली हे लक्षात ठेवीत ठेवीत त्याला अक्षर जुळवावे लागते, आणि शब्द पुरा होईपर्यंत त्याचा आरंभ विसरण्याची पाळी येते. अक्षर कळावे म्हणून ते मोठे करावे, तो पुस्तक वजनदार व महाग व्हावे, आणि ग्रंथसंग्रहात मोजकीच पुस्तके साठावी, असे हे दुष्टचक्र. शिवाय सर्वांत मोठी अडचण अशी की, हे अक्षर अंधाला स्वतःच्या हाताने सहजी लिहिता येत नसे. वाचावयाचे ते दुसऱ्याने छापलेले, आणि आपल्या मनातले सांगावयाचे तर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावयाचे. तेही पाहता येत नाही ही गोष्ट वेगळी.

लुई ब्रेल याच शाळेत १८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना दाखल झाला. त्याचा जन्म १८०९ चा, कूप्व्रे या गावचा; बापाचा धंदा आपल्याकडील जिनगराचा, घोड्यांचे साज शिवण्याचा. १८२१ मध्ये सैन्यातील एक जुना अधिकारी चार्ल्स बार्बिए याने आपली टिंबांची लेखनपद्धती शाळेपुढे मांडली. दोन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत अधिकात अधिक सहा टिंबे, आणि त्यांच्या संख्येवरून भाषेतील ध्वनी ओळखावयाचा, असा तिचा बेत होता. टिंब बोटाला रेघेपेक्षा चटकन कळते, ही मूळ गोष्ट बार्बिएने बरोबर हेरली होती. पण बारा टिंबांचे घर बोटाच्या टोकाखाली मावत नसे. ते वरून खाली चाचपावे लागे. शिवाय ती पद्धती केवळ उच्चारांची. तीत शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, अंक नाहीत, संगीत नाही. बार्बिएच्या मनात गरजेपुरते लिहिता-वाचता यावे एवढेच होते. ब्रेलला संपूर्ण साक्षरता हवी होती.

त्याने काय केले ते येथे थोडे सविस्तर सांगितल्यावाचून पुढील वादाचे मर्म ध्यानात येणार नाही. त्याने घर निम्मे केले: दोन रांगा, प्रत्येकीत तीन टिंबे. हे सहा टिंबांचे घर बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात पुरते बसते. बोट वर-खाली न हलता नुसते उजवीकडे सरकत जाते. सहा जागांतून, कोरे घर सोडून, त्रेसष्ट आकृती होतात. त्यांत पहिली दहा अक्षरे वरच्या चार जागांत बसविली. पुढील दहांस तीच आकृती देऊन डाव्या कोपऱ्यातील खालचे एक टिंब वाढविले. म्हणजे पहिली दहा पाठ झाली की पुढली दहा आपोआप आली. आणि लिहिण्यास लागते काय, तर खाचांची पाटी व एक टोचा. ज्या जातीच्या हत्याराने त्याचे डोळे नेले तसल्याच हत्याराने त्याने लिपी टोचली, या योगायोगावर चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांस त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की, अंध मनुष्य त्या दिवसापासून लेखक झाला. १८२९ मध्ये ब्रेलने आपल्या पद्धतीचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. गंमत अशी की, ते पुस्तक छापले गेले उठावाच्या रोमन अक्षरांतच, कारण शाळेच्या छापखान्यात तेवढीच सोय होती.

मुलांनी ही लिपी लगोलग आत्मसात केली. मोठ्यांचे तसे झाले नाही. १८४० मध्ये शाळेवर प्येर-आर्माँ द्युफो हा नवा संचालक आला आणि त्याने टिंबांस मनाई केली. उठावाच्या रोमन अक्षरांचा दुसरा एक साचा त्याने सुरू केला. मुले चोरून टिंबे टोचीत राहिली. द्युफोस नुसता जुलमी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्याचा आक्षेप असा होता की, जी लिपी डोळसास वाचता येत नाही ती शिकविणे म्हणजे अंधांभोवती भिंत बांधणे होय; आई मुलाचे पत्र वाचू शकणार नाही, शिक्षक विद्यार्थ्याची वही तपासू शकणार नाही. या आक्षेपात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येत नाही. पण त्याचे उत्तर ब्रेलने, बंदीच्या आधीच, आपल्या कृतीने देऊन ठेवले होते. १८३९ मध्ये त्याने दुसरी एक पद्धती प्रसिद्ध केली, जीत टिंबांच्याच साहाय्याने नेहमीच्या रोमन अक्षरांचे आकार उठविता येतात, अशासाठी की अंध मनुष्याने घरच्यांस पत्र लिहावे आणि त्यांनी ते डोळ्यांनी वाचावे. पुढे प्येर फूको या अंध कारागिराने त्यासाठी एक यंत्रही बनविले. म्हणजे वाचणारे बोट असेल तर लिपी बोटाची, वाचणारा डोळा असेल तर लिपी डोळ्याची, इतका स्वच्छ विचार या शांत स्वभावाच्या शिक्षकाने करून ठेवला होता. एकाच साच्यात दोघांस कोंबण्याचा हट्ट डोळसांचा होता, त्याचा नव्हे.

बंदी फार टिकली नाही. द्युफोचा साहाय्यक जोसेफ ग्वादे याने त्याचे मन वळविले आणि १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी ब्रेलच्या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ब्रेल स्वतः क्षयाने खंगत जाऊन १८५२ च्या जानेवारीत वारला.

खाडीपलीकडे, ब्रिटनात, हाच खेळ निराळ्या वेषात चालला होता. एडिंबरो येथील कलासंस्थेने १८३२ मध्ये अंधांसाठी उत्तम लिपी सुचविणारास सुवर्णपदक जाहीर केले. पुष्कळ नमुने आले. त्यांत मनाने रचलेल्या चिन्हांच्या लिप्या बऱ्याच होत्या. १८३७ मध्ये पदक मिळाले ते लंडनचा प्रसिद्ध खिळे ओतणारा एडमंड फ्राय याच्या साध्या रोमन मोठ्या अक्षरांस. फ्राय निर्णयापूर्वीच निवर्तला होता. साध्या अक्षरांस पदक देण्यात त्या परीक्षकांनी आउईच्या वळणांपेक्षा एक पायरी पुढे टाकली हे खरे, आणि ग्लासगोच्या जॉन ऑल्स्टन याने त्याच धर्तीच्या अक्षरांत १८४० पर्यंत संपूर्ण बायबल छापून काढले हेही लहान काम नव्हे. तथापि, ज्या समारंभात अंधाची लिपी निवडावयाची तेथे अक्षर पारखणारे बहुतेक डोळस असावेत, ही गोष्ट त्या काळी कोणास फारशी खटकलेली दिसत नाही.

या सगळ्या मांदियाळीत विल्यम मून याच्याविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो. त्याचा जन्म १८१८ चा. एकविसाव्या वर्षाच्या सुमारास त्याची दृष्टी पुरती गेली. तो अंधांस शिकवू लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, अंध म्हणजे एकच एक जमात नव्हे. लहानपणी अंधत्व आलेल्या मुलाचे बोट कोवळे व चलाख असते. पण जन्मभर नांगर धरून किंवा मोळी वाहून ज्याच्या बोटांस घट्टे पडले आहेत, आणि साठीत ज्याची दृष्टी गेली, त्याला बारीक टिंबे लागत नाहीत, नवीन संकेत पाठ करण्याची उमेदही त्याच्यापाशी नसते. त्याला रोमन अक्षरे मात्र आयुष्यभराच्या ओळखीची असतात. म्हणून मूनने १८४५ मध्ये रोमन अक्षरांचीच छाटणी केली: अनावश्यक रेघा काढून टाकून बोटाला कळेल एवढाच सांगाडा ठेवला, आणि ओळ संपल्यावर बोट हरवू नये म्हणून पुढची ओळ उलट दिशेने आणून दोहोंमध्ये कंसाची वाट काढून दिली. शेतात नांगर फिरावा तशा या ओळी फिरतात. उतारवयात दृष्टी गेलेल्या हजारो माणसांनी या लिपीत वाचन केले. शुद्ध गणिताने पाहता मूनची लिपी ब्रेलच्या लिपीपुढे अवजड आहे, आणि छापण्यास खर्चिक तर निश्चितच. पण ती ज्याच्यासाठी होती त्याच्यासाठी ती उत्तम होती. आपला वाचक कोण, त्याचे वय काय, त्याचे हात कोणत्या कामातून आलेले आहेत, हे विचारून अक्षर घडविणारा मनुष्य आम्हांस पदक मिळविणाऱ्या कारागिराहून अधिक कल्पक वाटतो.

इंग्लंडातील या लिपीबाजारास आळा घातला तो टॉमस आर्मिटेज या वैद्याने. दृष्टी मंदावल्यामुळे त्यास वैद्यकी सोडावी लागली होती. १८६८ मध्ये त्याने जी संस्था स्थापिली तिच्या मंडळाची अट मोठी मार्मिक होती: सभासद अंध असावा, निदान तीन स्पर्शलिप्या त्यास अवगत असाव्यात, आणि कोणत्याही एका लिपीत त्याचा पैशाचा संबंध गुंतलेला नसावा. स्पर्शाच्या वाचनाविषयी निर्णय द्यावयाचा तो स्पर्शावर जगणाऱ्यांनी, हा त्याचा सिद्धांत. मंडळाने दोन वर्षे पडताळा पाहून १८७० मध्ये ब्रेल स्वीकारली. इतके साधे होते ते. पण तेथवर पोहोचण्यास आउईच्या पुस्तकापासून चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

अमेरिकेची हकीकत लांब आहे; तिचा सारांशच येथे पुरे. बोस्टनच्या शाळेचा संचालक सॅम्युएल हाउ हा उठावाच्या रोमन अक्षरांचा कट्टर कैवारी. त्याच्या कोनाकोनाच्या अक्षरांत १८३५ पासून पुस्तके निघत राहिली. चार्ल्स डिकन्सने स्वतः खर्च सोसून आपल्या एका कादंबरीच्या अडीचशे प्रती या अक्षरांत छापवून घेतल्या. पुढे न्यूयॉर्कच्या शाळेने स्वतःची निराळी टिंबे काढली, बोस्टनकडील जोएल स्मिथ या अंध शिक्षकाने १८७८ मध्ये आणखी निराळी काढली, आणि युरोपची मूळ ब्रेल होतीच. हेलन केलरसारख्या विदुषीसही या सगळ्या लिप्या एकामागून एक शिकाव्या लागल्या, कारण जे पुस्तक हवे ते कोणत्या लिपीत निघालेले असेल याचा नेम नव्हता. १९०९ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षणमंडळापुढे या विषयाची जाहीर सुनावणी झाली. इंग्रजी बोलणाऱ्या देशांची एकच ब्रेल ठरली ती १९३२ मध्ये.

हा सर्व व्याप युरोप-अमेरिकेचा असला तरी त्याची झळ आपल्याकडेही लागलेली आहे. मुंबईत विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी अंधांच्या शाळा निघाल्या. तोवर हिंदुस्थानात ज्याने त्याने आपापल्या भाषेसाठी ब्रेलची आपापली जुळणी केली होती. एका शाळेतील मुलास दुसऱ्या शाळेतील पुस्तक अपरिचित. १९४९ मध्ये भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे नेला आणि १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठी, बंगाली, तमिळ यांचा ‘क’ एकच, आणि तो इंग्रजीतील त्याच ध्वनीच्या अक्षराशी जुळणारा.

देवनागरीचे या लिपीत काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. जी शिरोरेखा आपल्या अक्षरांचे मुख्य लेणे, ती येथे नाही. पहिली वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी काढतो व नंतर उच्चारतो. भारती ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या नंतरच येते. उकार खाली लोंबत नाही, मात्रा डोक्यावर बसत नाही. सारी अक्षरे एका ओळीत, आपापल्या घरात. जोडाक्षरात मोडके अक्षर पुढच्याच्या पोटात शिरत नाही; पाय मोडल्याची खूण आधी येते आणि मग पुरते व्यंजन. सुंदर बाळबोध अक्षर काढणाऱ्या पंतोजीस हे पाहून घेरी यावी. पण शब्द तोच, शुद्धलेखन तेच, ‘ळ’ सुद्धा आपल्या जागी शाबूत. भाषेचे काहीच गेले नाही. गेला तो डोळ्यांसाठी चढविलेला पोशाख. आपल्या लोकांस हा भेद परका वाटण्याचे कारण नाही. एकच मराठी भाषा दफ्तरात मोडी आणि पोथीत बाळबोध असे दोन पोशाख शतकानुशतके वापरीत आलीच होती; मोडी लिहिणाराच्या सोयीची, बाळबोध वाचणाराच्या.

भाषा वेगळी आणि तिचा पोशाख वेगळा, हा भेद मनात पक्का धरला म्हणजे संकेतस्थळांचा वाद पुष्कळसा सोपा होतो. अंध मनुष्य आज संगणक वापरतो तो दोन रीतींनी. एक तर यंत्र पडद्यावरील मजकूर त्यास मोठ्याने वाचून दाखविते. नाही तर एका लहानशा पट्टीवर बारीक खुंट्या वर-खाली होऊन ब्रेलची अक्षरे बोटांखाली उमटतात व मिटतात. पण यंत्रास वाचता येते ते अक्षर, अक्षराचे चित्र नव्हे. मराठी वृत्तपत्रे प्रथम संगणकावर आली तेव्हा बहुतेकांनी आपापला निराळा टंक वापरला. पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या पोटात त्या जागी कोठले तरी रोमन अक्षर वा चिन्ह साठविलेले असे. डोळ्यांस मराठी, कानास निव्वळ कचरा. ज्याच्यापाशी तो टंक नाही अशा डोळसासही कचराच दिसे, ही त्यातली विशेष गोष्ट. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरीस १९९१ मध्येच जागा मिळाली होती, तरी तो आमच्याकडे रुळण्यास कितीतरी वर्षे गेली, आणि तोवर अंध मराठी वाचक आपल्याच भाषेच्या वृत्तपत्राबाहेर उभा राहिला.

या बाबतीत ज्या खटल्याने जगाचे डोळे उघडले तो सिडनीचा. २००० साली तेथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. ब्रूस मॅग्वायर हा जन्मांध गृहस्थ ब्रेलच्या खुंट्यांची पट्टी वापरून संगणक वाचीत असे. सामन्यांचे संकेतस्थळ आपणास वाचता येत नाही अशी तक्रार त्याने जून १९९९ मध्ये मानवी हक्क आयोगाकडे केली. चित्रांखाली शब्दांत वर्णन नाही, एका पानावरून खेळांच्या यादीकडे जाण्यास वाट नाही, निकालांचे तक्ते उलगडत नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे. संयोजकांनी उत्तर दिले की हे सुधारण्यास एका माणसाचे वर्षाहून अधिक दिवस आणि वीस लाखांहून अधिक डॉलर लागतील. तज्ज्ञांच्या साक्षीत हा हिशोब फुगविलेला ठरला. ऑगस्ट २००० मध्ये निकाल मॅग्वायरच्या बाजूने लागला. स्थळ पुरते सुधारले गेले नाही, आणि सामने आटोपल्यावर नोव्हेंबरात आयोगाने त्यास वीस हजार डॉलर भरपाई देवविली. मॅग्वायरने स्थळावरील एकही चित्र काढून टाकण्यास सांगितले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चित्र राहू द्या, त्यात काय आहे ते दोन शब्दांत लिहा, एवढीच त्याची मागणी होती.

आणि येथेच सौंदर्याच्या कैवाऱ्यांची भीती निराधार ठरते. कॅनडातील डेव्ह शे या रचनाकाराने २००३ मध्ये एक प्रयोग मांडला: एकच मजकुराचे पान, त्याचा सांगाडा कोणी बदलावयाचा नाही, रंग, अक्षरवळण, मांडणी यांचा पोशाख मात्र ज्याने त्याने आपल्या प्रतिभेप्रमाणे चढवावा. जगभरच्या कलावंतांनी शेकडो रूपे पाठविली. एक जपानी बागेसारखे, तर दुसरे जुन्या भित्तिपत्रासारखे. खालचा मजकूर सर्वत्र तोच, आणि वाचनयंत्राच्या दृष्टीने सर्वत्र तितकाच सुगम. रचनाकाराचे बंधन हेच त्याच्या कल्पनेचे खाद्य झाले. सहा टिंबांच्या मर्यादेत संगीतसुद्धा बसविणाऱ्या ब्रेलला यात नवल वाटले नसते.

काही ठिकाणी निराळा तोडगा काढतात: मुख्य स्थळ नटवून ठेवावयाचे आणि अंधांसाठी बाजूस एक ‘साधे पान’ लावावयाचे. आमचा या प्रथेस विरोध आहे. असे पान मागल्या दारासारखे असते. काही महिन्यांत त्याची झाडलोट बंद पडते आणि नवी बातमी तेथे पोहोचत नाही. ब्रेलने पुस्तक तेच ठेवून लिपी बदलली. दुसरे कमी प्रतीचे पुस्तक त्याने लिहिले नव्हते. तशीच दुसरी खोड म्हणजे नियमांची यादी पुढे ठेवून खुणा करीत जाणे. नियम हवेतच. साध्या मजकुराच्या अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा निदान साडेचार विरुद्ध एक या प्रमाणात भिन्न असावा, असा जो दंडक २००८ पासून रूढ आहे, तो पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची आवड असलेल्या आजच्या पुष्कळ रचनाकारांस टाचणीसारखा टोचतो, आणि टोचावाच. कारण मूनचे साठीतले वाचक आज पडद्यापुढे बसलेले आहेत, व आपल्या मराठी अक्षराचे रफार आणि पोटफोडे ‘ष’ बारीक टंकात त्यांस दिसेनासे होतात. परंतु सर्व खुणा करूनही चित्राखाली नुसते ‘छायाचित्र’ एवढेच लिहून ठेवलेली स्थळे आम्ही पाहिली आहेत. नियम पाळला गेला. वाचकास काय मिळाले? चित्राचे एका ओळीत नेमके वर्णन करणे ही लहानशी वाङ्मयीन कला आहे, आणि ती यंत्राकडे किंवा कनिष्ठ कारकुनाकडे सोपविण्यासारखी नाही.

ज्यांच्यासाठी काम त्यांच्याच हाती काम गेल्याची उदाहरणे आपल्या काळातही आहेत. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एक प्रणाली मायकेल करन व जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून उभी केली आणि ती फुकट वाटली. ती मराठीही वाचते. तिचा आवाज रुक्ष आहे, यंत्राचा आहे. डोळस पाहुण्यास तो क्षणभरही ऐकवत नाही. पण सरावलेले अंध वाचक तो दुप्पट-तिप्पट वेगाने लावून अग्रलेख झपाट्याने संपवितात. गोड परंतु संथ आवाजापेक्षा त्यांस हाच पसंत असतो. टिंबांस मनाई करणाऱ्या द्युफोस जे कळले नाही ते हेच.

मराठी मासिकांचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे अंक आता संगणकावर चढविले जात आहेत. पिवळ्या पडलेल्या पानाचे हुबेहूब छायाचित्र, जुन्या खिळ्यांचे वळण, कडेची वेलबुट्टी, हे सारे पाहून आमच्यासारख्यांस मोठा आनंद होतो. पण वाचनयंत्रास ते पान म्हणजे मुके चित्र. त्या चित्राखाली अक्षरे भरण्याचे काम तुरळकच झाले आहे. छापील देवनागरी ओळखणारी यंत्रणा पुष्कळ सुधारली आहे, तथापि तुटके खिळे, दाटलेली जोडाक्षरे आणि पुसट अनुस्वार यांपाशी ती अजून अडखळते, आणि शेवटी प्रत्येक पान माणसास बसून तपासावे लागते. या तपासणीस बसणाऱ्यांत एखादा अंध वाचक असला, तर कोणत्या चुकीने वाक्य बुडते आणि कोणती चूक चालून जाण्यासारखी आहे, हे तो पहिल्या पानावरच सांगेल.